गोजरबाईने वाचलेली पाटी

प्रिय सुहास,

‘प्रिय’ लिहिताना आज हात अडखळतोय, पण पाठचा भाऊ आहेस, इलाज नाही. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. गोजरबाई काल दवाखान्यातून घरी आली. हात अजून थरथरतात, चहाची बशी धरवत नाही. आणि तू नगरात बसून मुकादमाला निरोप धाडलास, की आपल्या डाळिंबाच्या बागेच्या फाटकावर पाटी होती, बाई न वाचता आत शिरली, आता तिला कामावर घेऊ नका. लाज कशी वाटली नाही रे?

वाचली होती तिने! पन्नाशीत माझ्या ओसरीवर अक्षरं गिरवली तिने. तेव्हापासून राहुरीला जाताना एसटीच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचते, शेजारचे हसले तरी थांबत नाही. त्या सकाळीही बोट फिरवत दोनदा वाचलं, ‘कीटकनाशक फवारणीपश्चात विहित कालावधी समाप्त होईपर्यंत फळबागेत प्रवेश अनुज्ञेय नाही.’ दवाखान्यात मला म्हणाली, “बाई, समदं वाचलं, पर कळलं न्हाई. वाटलं, सायबांचं कायतरी आसंल.” म्हणून रोजच्यासारखी खुरपं घेऊन आत गेली होती. आदल्या संध्याकाळी फवारलेल्या ओल्या झाडांखाली दुपारपर्यंत खुरपत होती बिचारी.

आपण घरात काय म्हणतो? औषध मारलंय, म्हणतो. मग ‘औषध मारलंय, शुक्रवारपर्यंत आत जाऊ नका’ एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? नुसतं आठवलं तरी तळपायाची आग मस्तकाला जाते माझ्या. वर दोष तिलाच!

आता पुढचं ऐक, ते पोटात ठेवून मला घास जात नाही. रंगवण्याआधी तू तो मजकूर मला तपासायला दिला होतास. त्यात तू ‘आत जायला बंदी’ लिहिलं होतंस. ते खोडून ‘प्रवेश अनुज्ञेय नाही’ मी केलं, भारदस्त वाटलं म्हणून. बंदी तिला कळली असती, सुहास. तिला वाचायला शिकवणारी मी, आणि तिला कळेल का, हे माझ्याच मनात आलं नाही. रविवारी रंगाचा डबा घेऊन ये. आधी तिच्या दारात जाऊन दोघं माफी मागू, कामावर ये म्हणून तू तिला स्वतः सांग. मग ती सांगेल ते मी पाटीवर लिहीन. एक शब्दही सुधारणार नाही.

तुझ्याइतकीच चुकलेली, तुझीच,
लीनाताई