दंड शून्य, जुळणी शंभर टक्के

३ मार्च, सोमवार

आजपासून लॅबमधलं जुनं सॉफ्टवेअर बंद. बटणं, रंगीत खिडक्या, सगळं गेलं. आता काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची. आधी प्रोग्रामचं नाव, मग फाइलचं, मग डॅश देऊन एकेक आर्ग्युमेंट, म्हणजे प्रोग्रामला द्यायची सूचना, आणि त्याचा आकडा. आमच्या संचालक मॅडम म्हणाल्या, अडलात तर समोरच्या टेबलावरच्या मुलीला विचारा. या मुलीला मी मनात टकटक म्हणतो. नोकरीला लागून वर्ष झालं नाही, पण कीबोर्ड असा बडवते की शेजारच्याला उगाच आपण रिकामे बसलोय असं वाटावं.

संकल्प: टकटकला काहीही विचारायचं नाही. विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे. माझं नाव जवळजवळ नक्की.

४ मार्च

कमांड टाइप केली. उत्तर: अशी फाइल नाही. फाइल मला डोळ्यांसमोर दिसतेय. पुन्हा केली. नाही. जोरात टाइप केली. नाही.

फाइलच्या नावात मोकळ्या जागा होत्या म्हणे. 'नवीन सॅम्पल फायनल खरंच फायनल' या पाच वेगळ्या फाइली समजून मशीन बसलं शोधत. टकटक येऊन सांगून गेली. मी विचारलं नव्हतं, तेव्हा संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही.

५ मार्च, सकाळी

हेल्प असं टाइप केलं की प्रोग्राम सगळी आर्ग्युमेंट्स समजावून सांगतो. सांगितली. पडदा वाहून गेला. प्रिंट काढली. हेडक्लार्कने विचारलं, एवढा कागद संपवलात, वाचणार आहात का. म्हटलं, अर्थात.

संध्याकाळी

गठ्ठा मॉनिटरखाली ठेवला. मानेला आराम पडला.

६ मार्च

महत्त्वाचं सॅम्पल आलं. एका नर्सरीतली लिंबाची रोपं पिवळी पडलीयत. पानांतल्या व्हायरसचा सीक्वेन्स, म्हणजे त्याच्या जनुकांतल्या अक्षरांची ओळ, काढून झालाय. तो जीवघेण्या व्हायरसच्या सीक्वेन्सशी सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर जुळला, तर नियमाप्रमाणे नर्सरीतलं एकूण एक रोप जाळायचं.

नर्सरी माझ्या मेहुण्याची आहे. हो, तोच. मी दिवसभर काय करतो, असं चारचौघांत विचारून, मी सांगेपर्यंत दुसऱ्याशी बोलायला लागणारा.

मॅडम म्हणाल्या, घरचा मामला आहे, दुसऱ्या कोणाला देऊ का. मी म्हटलं, लॅबच्या दारात मी नाती चपलांबरोबर काढून ठेवतो. मॅडमनी माझ्या पायांकडे पाहिलं. म्हणाल्या, करा, पण पुढच्या आठवड्यात शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दाखवा.

घरी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, रोपं वाचतील ना, त्याने सगळं त्यातच घातलंय. मी म्हटलं, विज्ञान काय म्हणतं ते बघू. ती म्हणाली, विज्ञानाला नीट विचार म्हणजे झालं.

१० मार्च, सोमवार

पहिला रन. जुळणी एक्याऐंशी टक्के. धड ना इकडे ना तिकडे. असं मिळमिळीत उत्तर घेऊन विभागप्रमुख होता येत नाही. काहीतरी चुकतंय.

दुपारी

सापडलं. अलाइनमेंट म्हणजे दोन सीक्वेन्सची अक्षरं एकाखाली एक लावणं. जुळत नसेल तिथे प्रोग्राम मध्ये जागा सोडतो, तिला गॅप म्हणतात, आणि प्रत्येक गॅपला दंड लावतो. गॅप उघडायला दहा, ती लांबवायला वेगळा! एवढा दंड पडल्यावर बिचारा प्रोग्राम मोकळेपणाने काम करणार कसा? मुलांच्या बाबतीतही माझं हेच मत आहे. दोन्ही आर्ग्युमेंट्सना शून्य दिलं. वर, टक्केवारी काढताना गॅप मोजू नकोस, असंही एक आर्ग्युमेंट होतं, तेही जोडलं.

जुळणी शंभर टक्के! एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ओळ जवळपास दुप्पट लांब झाली आणि मध्ये भरपूर डॅश आले, पण ते दिसण्यापुरतं.

व्हायरस जीवघेणाच आहे. वाईट वाटलं. वाटतंय.

११ मार्च

बायको बोलत नाही. मेहुण्याचा फोन. आवाज खाली गेलेला. दाजी म्हणत होता, जे घरात असताना कधी म्हणत नाही. एवढ्या वर्षांची मेहनत आहे, पुन्हा एकदा बघता का, असं विचारत होता. मी समजावलं की शंभराच्या पुढे बघायला काही नसतं. फोन ठेवल्यावर मला जितकं बरं वाटायला हवं होतं, तितकं वाटलं नाही. पित्त असावं.

१३ मार्च

उद्या मीटिंग. आधी करून ठेवलेलं दाखवणार नाही, सगळ्यांदेखत टाइप करणार. एक युक्तीही शिकलोय. फाइलचं पूर्ण नाव लिहायचं नाही, पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबायचं, उरलेलं कॉम्प्युटर पुरवतो. पडद्याकडे न बघता करता येतं. छाप पडते.

शर्ट स्वतः इस्त्री केला. करावा लागला.

१४ मार्च, शुक्रवार

थोडक्यात लिहितो.

टाइप केलं. न बघता टॅब दाबलं. एंटर. शंभर टक्के. मी सभेकडे वळून म्हटलं, संशयाला जागाच नाही. रोपं जाळण्याचा कागद मॅडमपुढे होता, पेनही होतं.

टकटकने विचारलं, सर, वरची ओळ वाचता का. वाचली. मीटिंगरूमच्या कॉम्प्युटरवर माझी फाइल नव्हतीच. त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारी शेजारच्या विभागाची होती. ती माशाची होती.

मॅडमनी शांतपणे विचारलं की मग शेजारची मत्स्यटाकीही जाळायची का. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

टकटक म्हणाली, गॅप फुकट केली की कशाशीही काहीही जुळतं, हवं तिथे जागा सोडत जायचं. तिने खरी फाइल आणली, माझे शून्य काढले, रन केलं. एक्याऐंशी टक्के. साधा व्हायरस. पिवळी पानं खुडायची, रोपं दोन हात अंतरावर ठेवायची, झालं. मॅडमनी कागद फाडला.

म्हणजे माझं सोमवार सकाळचं उत्तर बरोबर होतं. हे मी लगेच निदर्शनास आणून दिलं. मिनिट्समध्ये घेतलं नाही.

१७ मार्च

टकटक विभागप्रमुख. तिचं अभिनंदन केलं. त्या खोलीत तसंही ऊन येतं.

मॅडमच्या सांगण्यावरून टकटकने माझ्यासाठी वेगळी, छोटी कमांड बनवून दिली. फाइलचं नाव द्या, पुढे हवी ती आर्ग्युमेंट्स द्या. हवी ती, असं स्वतः म्हणाली. एवढं झाल्यावरही माझ्या अनुभवाला मान आहे.

संकल्प: शून्य नाही.

२४ मार्च

आता हात बसला. पानाच्या सॅम्पलला गॅपचा दंड बारा, मुळाच्या सॅम्पलला नऊ, आणि ढगाळ हवा असेल तर अर्धा जास्त. टकटकही माझी सॅम्पल्स एकदा चालवून बघते. तिचं आणि माझं उत्तर दशांशापर्यंत तेच येतं. एकदाही फरक नाही. आकड्यांची नस सापडायला आयुष्य जावं लागतं, आणि आता ते गेलंच आहे.

यावर छोटी पुस्तिका लिहावी म्हणतो.

२८ मार्च

मेहुणा पुढची खेप घेऊन आला. मोसंबीची रोपं. लॅबचा दाखला असेल तरच गिऱ्हाईक उचलणार. टकटककडे न जाता माझ्याच टेबलाशी आला. म्हणाला, मागच्या वेळी तुमच्यामुळे जीव टांगणीला लागला होता, पण शेवटी रोपं वाचली ती तुमच्याच लॅबमध्ये, तेव्हा या वेळीही तुम्हीच बघा. हवा ढगाळ होती, मी साडेबारा, साडेनऊ असं लावून रन केलं. साठ टक्के. निरोगी म्हणायला हरकत नाही. टकटकचंही साठ.

बायकोने पोळी वाढताना विचारलं, अजून एक देऊ का. बऱ्याच दिवसांनी विचारलं.

२ एप्रिल, बुधवार, दुपारी

चहाचा कप कीबोर्डवर टेकला आणि दंडाच्या जागी आठांची रांगच रांग उमटली. पुसायच्या आत एंटर दाबलं गेलं. उत्तर आलं. बरोबर आलं.

दंड उणे पाच दिला. तेच उत्तर. शून्य दिला. तेच. आकड्याच्या जागी मेहुण्याचं नाव लिहिलं. तेच, दशांशापर्यंत.

टकटककडे गेलो. पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं. ती टाइप करायची थांबली. म्हणाली, सर, तुमच्या कमांडमध्ये फाइलच्या नावापुढचं काहीच वाचलं जात नाही. पहिल्या दिवसापासून. मॅडमनी तसंच करायला सांगितलं होतं. मग म्हणाली, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही. मी म्हटलं, मला माहीतच होतं, फक्त खात्री करत होतो.

रात्री

मेहुण्याचा फोन. दाखला बघून रोपं विकली गेली, सगळीच्या सगळी. म्हणाला, दाजी, इतकी वर्षं तुम्ही काय करता ते मी कधी धड ऐकूनच घेतलं नाही, आता सांगा. नक्की कोणते आकडे टाकलेत?

बायको ओट्यापाशी हात पुसत उभी राहून ऐकत होती.

मी सांगितले. सगळे. ढगाळ हवेचासुद्धा. तो मध्ये एकदाही बोलला नाही.