मेंग साहेबांच्या नातवाने काय उचललं

गुनसान,
सोमवार, सकाळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्या मान-सूचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. (कपाळ टेकलेलं नाही. गुडघा धरला आहे, कशाने ते पुढे येईलच. मनातून टेकलं आहे असं समज.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? तू पाठवलेलं तुमच्या समुद्रातलं सुकं माकूळ पोचलं. अर्धं संपलं आणि उरलेलं मी रागाच्या भरात चावतो आहे, कारण चावावं असं दुसरं कोणी सध्या हाताशी नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी चिडलो की तू हसतेस आणि तू हसलीस की मी आणखी चिडतो. म्हणून पत्र. हसायचं असेल तर तिकडे गांगनुंगमध्ये हस, मला ऐकू येणार नाही.

तुला मेंग साहेब आठवतात ना? बंदराकडचा तो मोठा हॉल ज्यांचा आहे ते. तिथलं प्रत्येक लग्न, प्रत्येक साठी, प्रत्येक बारशा-वाढदिवसाचा फोटो आपल्या स्टुडिओने काढायचा, हे बाबांच्या वेळेपासून चालत आलेलं. आपली चूल त्या हॉलवर पेटते, हे तुला वेगळं सांगायला नको. पासपोर्टचे फोटोसुद्धा लोक आता घरी मोबाइलवर काढतात आणि माझ्याकडे फक्त कापून घ्यायला येतात. तर तो हॉल आता हातचा जाण्याच्या बेतात आहे, आणि कशावरून, तर एका वर्षाच्या पोराने भलतीच वस्तू उचलली म्हणून!

तसं हे वर्षच माझ्या मुळावर उठलं आहे. वसंतात मच्छीमार सोसायटीचा सामूहिक फोटो होता. जुने अध्यक्ष आणि नवे अध्यक्ष, दोघंही मधल्या खुर्चीसाठी अडून बसले. मी म्हटलं, मध्ये कोणीच बसू नका, मध्ये मासा ठेवू. ठेवला. फोटो सुरेख आला आणि तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. मग माझं चिखलाचं प्रदर्शन झालं. ओहोटीनंतरच्या चिखलाचे फोटो मी किती वर्षं काढतो आहे ते तुला ठाऊक आहे. (‘यात बघायचं काय?’ असं तू विचारलं होतंस. मी विसरलेलो नाही.) वाचनालयाच्या बोळात सगळे फोटो टांगले. लोक येत, चिखलासमोर क्षणभर थांबत, अदबीने माझ्याकडे वळत आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारत. एका बाईंनी मात्र मनापासून कौतुक केलं. फ्रेमचं.

पण ते सोड. मेंग साहेबांचा नातू रा-ओन, त्याचा पहिला वाढदिवस होता. हॉल माणसांनी भरलेला, वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांचे डोंगर, आणि मधोमध गालिच्यावर पोराने उचलायच्या वस्तू मांडलेल्या. दोऱ्याची गुंडी, तांदूळ, कुंचला, नोटा हे आपल्या वेळचं होतंच. शिवाय डॉक्टरांची नळी, गोल्फचा चेंडू, माइक आणि न्यायाधीशाचा लाकडी हातोडा. (आपल्या वेळी पोर जे उचलेल ते त्याच्या नशिबात, एवढा साधा हिशेब होता. मी म्हणे भाताची वाटी उचलली आणि तिथेच बसून संपवली.) आता नशीब आधी ठरवतात आणि पोराला त्या दिशेने ढकलतात. पोराच्या आजीबाईंना, म्हणजे मेंग साहेबांच्या बायकोला, घरात न्यायाधीश हवा होता, म्हणून हातोडा पोराच्या नाकासमोर आणि तांदूळ बिचारे पार पलीकडे. मी गालिच्याच्या टोकाला पोटावर आडवा पडलो होतो, कारण पोराच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलं नाही तर त्या फोटोला काही अर्थ नाही. (गुडघा तेव्हाच गेला.) माझी लेक सो-दाम दुसरा कॅमेरा घेऊन बाजूला उभी होती. सुट्टीच्या दिवशी ती अशी मदतीला येते.

सूत्रसंचालकाने माइकवरून आरोळी दिली. पोराने हातोड्याकडे बघितलं आणि हाताच्या मागच्या बाजूने तो सरळ उडवून लावला. मग नोटांवरून रांगत, नळी तुडवत तो थेट माझ्या दिशेने निघाला. मी काढत राहिलो. समोरून एवढा छान चेहरा येत असताना कोण थांबेल? आणि बघता बघता त्याने माझी लेन्स दोन्ही हातांनी धरली, मिठीच मारली म्हण ना, आणि काचेला तोंड लावलं. सूत्रसंचालक म्हणाला, “आणि आपला रा-ओन मोठेपणी होणार… होणार…” आणि त्याने मेंग साहेबांकडे बघितलं. मागून कुठल्यातरी मामाने, चार घोट पोटात गेलेले असणार, ओरडून सांगितलं, “फोटोवाला!” अर्धा हॉल हसला. आजीबाईंनी छातीवर हात मारला. “अगं बाई! उपाशी मरणार माझं सोनं!”

मी तिथेच होतो, ताई! त्या सोन्याची लाळ माझ्या लेन्सवरून ओघळत होती आणि माझं पोट गालिच्यावर ऐसपैस टेकलेलं सगळ्या हॉलला दिसत होतं. उपाशी मरणारा माणूस असा दिसतो? वर मेंग साहेब मलाच म्हणतात, “अहो फोटोवाले, तुम्ही मध्ये कशाला तडमडलात?” मी म्हटलं, “मालक, मी कडेला आहे. मूल माझ्याकडे आलं.” तर म्हणाले, “परत घ्या!” परत घेतलं. मला खांबामागे उभं केलं. पोराने चहूकडे बघितलं, मी दिसलो नाही आणि त्याने जो टाहो फोडला तो बंदरावर ऐकू गेला असेल. तिसऱ्यांदा आजीबाईंनी स्वतः त्याची मूठ हातोड्यावर आवळली, तेव्हा त्याने तो सूत्रसंचालकाच्या नडगीवर हाणला. मला त्या पोराबद्दल आदर वाटतो.

मग मेंग साहेबांचा फोन आला. “ते लेन्सबिन्स काढून टाका आणि कॉम्प्युटरवर त्याच्या हातात हातोडा द्या. तुम्हा लोकांना काय, चुटकीचं काम.” मी म्हटलं, “मालक, जे झालं नाही ते मी दाखवत नाही.” ते म्हणाले, “मग व्यापारी संघाच्या निवडणुकीच्या फोटोत माझ्या डोक्यावर केस कुठून आले?” (केस वेगळे. केस त्यांना एके काळी होते. हातोडा त्या पोराने कधीच उचलला नाही.) शेवटी म्हणाले, “हातोडा नाही तर हॉल नाही.” आणि फोन ठेवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घराच्या भिंतीवर काय काय आहे ते मला पाठ आहे. आजीबाईंचं लग्न बाबांनी काढलेलं. सासऱ्यांची साठी माझी. तो म्हातारा आता फक्त त्या फोटोत उरला आहे. उद्या घराला आग लागली तर हीच बाई दागिने सोडून अल्बम उचलून धावेल. आणि नातवाने कॅमेरा धरला तर अपशकुन! आपल्या दोन पिढ्या काय भीक मागत होत्या? काल मी अल्बम पाठवून दिला. पहिल्याच पानावर लेन्सला मिठी मारलेला रा-ओन, मागे आजीबाईंचा वासलेला जबडा, मामाचा पेला, सगळं पानभर. खाली सोनेरी अक्षरांत ‘रा-ओनने स्वतः निवडलं’. हॉलचं काय व्हायचं ते होवो. फोटोची एक प्रत सोबत ठेवली आहे. या धंद्याला ज्याला कोणाला कमी लेखायचं असेल, त्याने माझ्या समोर येऊन बोलावं.

भाऊजींना नमस्कार. कंबर शेकत जा.

तुझा धाकटा,
मान-सू

ता.क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. सो-दाम विमा कंपनीतली नोकरी सोडून स्टुडिओत कायमची बसायचं म्हणते आहे. तू तिला समजाव, तुझं ऐकते ती. तिला सांग, या धंद्यात माणूस पोटावर सरपटतो आणि वर चार लोकांचं ऐकून घेतो. विम्यात पगार आहे, रजा आहे, बसायला खुर्ची आहे. मी सांगायला गेलो तर म्हणाली, “बाबा, तुम्ही त्या आजींसारखं बोलताय.” मी ताट सरकवून उठलो.

आणखी एक ता.क. सोबतचा फोटो माझा नाही, सो-दामचा आहे. माझ्या कॅमेऱ्यात नुसती जीभ आली होती. ताई, इतकी वर्षं मी लोकांचे चेहरे काढतो आहे, पण एका फोटोत इतकी माणसं इतकी खरी मला कधी पकडता आली नाहीत. म्हणून तर भीती वाटते. जेमतेम काढणारा कंटाळून सोडून तरी देतो. हिला असं काढता येतं, ही कधीच सोडणार नाही. काहीही करून तिला अडव.

आत्या, मी सो-दाम. पत्र टाकायला बाबांनी माझ्याच हातात दिलं, पाकीट न चिकटवता. राजीनामा मी आधीच देऊन टाकलाय, तेव्हा समजावायचे कष्ट घेऊ नकोस. हॉल गेला. मेंग साहेबांच्या माणसाने आपले दिवे आणि पडदे मघाशी दारात आणून टाकले. बाबांना अजून सांगितलं नाही, आधी जेवू देते. हा फोटो दाखवला तेव्हा ते मला एवढंच म्हणाले होते, “तिरका आलाय.” तर आत्या, तुला मिळेल ती या पत्राची झेरॉक्स आहे. मूळ पत्र मी ठेवून घेतलंय.