चित्रं कोणाची

दरेकसा, नोव्हेंबर १९५८

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

माझा बेडकांवरचा लेख छापून आला, तेव्हा अंक हातात घेऊन तू विचारलंस, "भाऊ, चित्रं मायी, मंग नाव तुयं काऊन?"

मी म्हणालो, "शास्त्राच्या अंकात बाईचं नाव छापत नाहीत."

ते खोटं होतं. चित्रं कोणाची, असं संपादकांनी आधीच विचारलं होतं आणि मी 'माझीच' असं कळवलं होतं.

त्यानंतर तू ब्रश धरला नाहीस. लग्न होऊन गेलीस. सहा वर्षांत आई गेली तेव्हा एकदाच आलीस, तीही संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. आता या घरात मी एकटाच जेवतो.

मागच्या आठवड्यात कलकत्त्याच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांना ती चित्रं आपल्या ग्रंथात घ्यायची आहेत आणि श्रेय कोणाला द्यायचं, असं ते विचारतात. चित्रं माझ्या बहिणीची, असं मी लिहिलं आणि तुझ्या नावापाशी अडलो. आडनाव आपलं लावू की सासरचं, हे तुला विचारायला चार दिवसांपूर्वी हे पत्र सुरू केलं. तू उत्तरच देणार नाहीस, या भीतीनं ते पुरं करून टपालपेटीत टाकवलं नाही.

आज प्राध्यापकांना नुसतं 'वच्छला, दरेकसा' एवढंच नाव कळवलं.

तुझा भाऊ,
हिरालाल