फ्रँकफुर्टला कावळे आहेत का

अप्पा, फ्रँकफुर्टचा सगळा प्लॅन तुमच्यामुळे अडकून बसला होता. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी आमच्या सुट्ट्या तुम्हीच ठरवता. याला काय म्हणायचं, सांगा की.

सुरुवातही तुम्हीच केलीत. बँकेत कुणा गिऱ्हाइकानं दिलेलं ते फ्रँकफुर्टचं कॅलेंडर तुम्ही धारवाडच्या आपल्या स्वयंपाकघरात टांगलंत, शेगडीच्या बरोबर वर. नदी, अलीकडे जुनी लाकडी घरं, पाठीमागे बँकांचे उंच टॉवर. "आम्हा बँकवाल्यांची काशी आहे ही," तुम्ही म्हणायचात. आई म्हणायची, "खऱ्या काशीला तरी कुठं नेलंत?" वर्ष संपलं, कॅलेंडर उतरलं नाही. मी दुसरीत असताना त्या नदीत बॉलपेननं एक होडी काढली. तुम्ही कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडलात. "जिथं जायचंय तिथं आधीच घाण करायची नाही." मी रडत शाळेला गेले. संध्याकाळी तुम्ही सुभाष रोडवरून माझ्यासाठी स्केचपेनचा डबा आणलात, आणि कॅलेंडर हातभर वर टांगलंत.

आता मी कमावते, आणि आईला घेऊन जायचं म्हणते. तीन महिने माझा सगळा रिकामा वेळ यातच गेलाय. त्या गावात शनिवार-रविवारी हॉटेलं स्वस्त होतात, कारण सूट-बूटवाले घरी जातात. पण एखादं मोठं प्रदर्शन लागलं की त्याच खोलीचे तिप्पट मागतात. मी लॅपटॉपवर रंगीत तक्ता केला. तुमच्या थोरल्यानं, अण्णानं, तो हुबळीहून फोनवर बघितला आणि म्हणाला, "सुम्मने, उगाच कशाला एवढा उद्योग? गोव्याला जाऊन या की." असा आपला अण्णा.

गणपती झाल्याशिवाय आई घर सोडणार नाही. नवरात्रात घट असतात, तेव्हा तर नाहीच. दिवाळीआधी तिथं प्रदर्शनं. मध्ये एकच शनिवार-रविवार उरला, विमानही स्वस्त, खोलीही स्वस्त, आणि तो पितृपक्षात. त्यातही रविवारी तुमचीच तिथी. पंधरा दिवसांत तुम्हाला दुसरा दिवस मिळाला नाही का हो?

आई तांदूळ निवडत होती. मी सांगितल्यावर तिनं ताट खाली ठेवलं.

"पितृपक्षात कोण परदेशाला जातं गं?"

"म्हणूनच तर स्वस्त आहे, आई."

मी अण्णाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "आई, श्राद्ध मी इथं करतो. नाहीतर सर्वपित्रीला करू. गुरुजी चालतं म्हणालेत. तू जा."

"तुझ्या हातची खीर त्यांनी कधी खाल्लीय?" आईनं विचारलं. "त्यांना इथं उपाशी ठेवून मी तिकडं ब्रेड खात बसू?"

दोन दिवस मी विषय काढला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. मी चिडले, तक्ता बंद केला, पुन्हा उघडला. तुमचा पासपोर्ट अजून तुमच्या ट्रंकेत आहे, अप्पा, एकही शिक्का नसलेला. आई आता गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढते. अजून किती वर्षं थांबायचं? तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, "तिथं खोलीत गॅस असतो का?"

"असलेली खोली मिळते. थोडी महाग."

"तांदूळ, गूळ मी नेते. दूध तिथं मिळेल ना?"

"मिळेल."

मग तिनं विळी आडवी केली. "आणि कावळे? तिथं कावळे आहेत का?"

मी इंग्लिश मीडियमची पोरगी. व्हिसाचे पेपर, एअरपोर्टवरून गावात जायची ट्रेन, सगळं पाठ आहे. हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. तिथंच उभी राहून शोधलं आणि फोटो दाखवला. आईनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"आपल्यापेक्षा जाड आहे."

"थंडीत राहतो ना."

"खीर खाईल?"

"न खाऊन जातो कुठं?"

ती हसली. "अण्णाला सांग, इथलं तू कर. तिथलं मी बघते." काल तिकिटं काढली. खोलीला छोटी बाल्कनी आहे, पान ठेवण्यापुरती. खाली नदी दिसते म्हणतात. आई आत्तापासून वेलदोडे कुठल्या बॅगेत ठेवायचे यावरून माझं डोकं खातेय. चार दिवसांच्या ट्रिपला तिला खलबत्ता न्यायचा आहे. तुम्हीच समजवा तिला.

हे पत्र टाकायचं कुठं? त्या कॅलेंडरमागे खोचून ठेवीन. तिथं आई हात घालत नाही, तेही बरंच आहे. कारण फेब्रुवारीत याहून स्वस्त तारखा होत्या. प्रदर्शन नाही, तिथी नाही, म्हणजे तुम्हीही नाही. मी त्या बघितल्या, आणि आईला दाखवायच्या आधी तक्त्यातून पुसून टाकल्या.