ड्रमची पवनचक्की

१२ जून

परत पवनचक्कीचं पातं उलटं बसवलं! खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. ओरडलो – "पोकळ बाजू वाऱ्याकडं! डोकं हाय का खोकं?" पल्लवी शिडीवरून खाली न बघता म्हणाली, "फिरवते, थांबा." शेजारपाजारच्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

शिरवळच्या कारखान्यात अंगावर मशीन आलं आणि कमरेखालचा मी संपलो. तेव्हापासून डोकं माझं, हात बायकोचे. पीव्हीसी पाइप उभा चिरून पाती, जळालेल्या इलेक्ट्रिक स्कूटीची मोटर, दुकानाच्या जुन्या पाटीच्या पत्र्याची शेपटी. सगळं मी इथं, या पलंगावर, कागदावर काढलं. तिनं फक्त बोल्ट आवळले.

संध्याकाळी बल्ब लागला. आई – "पोरी, लय चांगलं केलंस गं." पोरी! मी मेलो होतो काय?

१४ जून

वारा पडलाय. दिवसभर कोणाशी बोललो नाही.

१९ जून

दहिवडीच्या कॉलेजातली पोरं आली. मोबाइलवर शूटिंग केलं. पलंगाशी घोळका! मी शेपटी का लागते, पात्यांना पीळ कसा द्यायचा, सगळं सांगितलं. एका पोरीनं विचारलं – "आणि वर चढून बसवतं कोण?"

म्हटलं, "ही. हिला त्यातलं काय कळतंय? नुसता पाना धरती."

सगळे हसले. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन दारात होती. तीही हसली. मग आत गेली.

जेवली नाही. मी विचारलं नाही.

२४ जून

दुपारी वावटळ उठली. पाती अशी गरगरली की खांब कण्हायला लागला. म्हटलं, जा, बांध. ती म्हणाली, "आवं, जरा जोर कमी हू द्या."

"तवर मोडंल. जा!"

गेली. दोर टाकताना पात्याची कड हातावर बसली. खाली आली तेव्हा पदर रक्तानं भिजलेला. दोन बोटं चिरून आतलं मांस दिसत होतं.

मी विचारलं – "पातं वाकलं का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. आई स्वयंपाकघरातून चिंधी घेऊन धावली. "आरं ज्ञानू, मानूस हाईस का कोन?"

तोंडातून तेच आलं. काय करू? आणि खरंच वाकलं होतं.

२ जुलै

बोटांना टाके आहेत तरी अंगणात खुडबूड चालू. निळा प्लॅस्टिकचा ड्रम मधोमध उभा कापलाय. दोन्ही अर्धे भाग पाठीला पाठ लावून नाही, तर जरा सरकवून, एका उभ्या दांड्यावर. खाली सायकलचं बेअरिंग. प्रिंटरमधली छोटी मोटर रबरी पट्ट्यानं जोडलेली. मला एका शब्दानं विचारलं नाही!

"काय चाललंय?"

"माळावर ताहेराभाभींच्या घरी लाइन सारखी जाती. त्यांच्या नौशीनची बारावी हाय. त्यांना देते बनवून."

"ड्रमानं वीज व्हती व्हय गं!"

"जमिनीवरच बसती. चढायला नको." एवढंच बोलली.

चढायला नको. तिला काय म्हणायचं होतं ते कळलं मला.

५ जुलै

फिरला. साधी झुळूक आली आणि फिरला. वारा इकडून आला, तिकडून आला, त्याला फरक नाही. शेपटी नाही, दोर नाही. माझ्या पंख्याला वाऱ्याकडं तोंड करायला वेळ लागतो तेवढ्यात याचा दिवा पेटलेला.

अंगणात माणसं जमली. सगळ्यांच्या पाठी माझ्या खिडकीकडं. ताहेराभाभी पल्लवीचा बांधलेला हात दोन्ही हातात धरून बोलत होत्या. "तू केलंस? एकटीनं?" पल्लवी मान हलवत होती. लग्नात सुद्धा एवढी फुललेली बघितली नव्हती मी तिला.

माझा पंखा वर खडखडत होता. एकानं पण मान वर केली नाही.

७ जुलै

म्हटलं, "पलंगाजवळ आण. बघू तरी."

आणला! धडपडत, दुखऱ्या हातानं, खुशीत. माझ्या बोटाला धरून दाखवत होती – इथं वॉशर घातला, इथं दोन नट, एकावर एक, म्हणजे सुटायचा नाही. हे मीच शिकवलेलं. मी मशीनवर कामाला होतो तेव्हा.

ती पाणी आणायला गेली. तिच्याच पान्यानं दुसरा नट काढला. पहिला ढिला केला. दिसू नये म्हणून वर बेअरिंगचं ग्रीस फासलं.

आली. म्हटलं, "मस्त झालाय."

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. खरंच आलं. नट माझ्या मुठीत होता. नंतर खिडकीतून उकिरड्यावर फेकला.

ड्रम पडून नुसता थांबेल, दिवा विझेल, लोक हसतील. एवढंच मनात होतं.

११ जुलै

पडून थांबला नाही. माळावर नेऊन बसवला होता, ताहेराभाभी तिथंच कपडे वाळत घालत होत्या. ड्रमचा अर्धा भाग सुटून आला. मनगट मोडलं. त्यांचं शिवणकाम गेलं, निदान काही महिने.

नौशीनचे वडील सिकंदरभाई दारात येऊन ओरडले – "येत न्हाई तर करायचं कशाला? नौशीन तिथं बसली असती तर?" पल्लवी मान खाली घालून उभी. "चूक झाली, भाई. माझीच." मी आतून ऐकत होतो.

ते गेल्यावर म्हटलं, "म्हणत होतो ना. बाईमाणसाचं काम न्हाई हे."

बल्बखाली बसून हात बघत राहिली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

१३ जुलै

सिकंदरभाईंनी मोडकं सामान अंगणात आणून टाकलं. पल्लवीनं दांडा उचलला, कापडानं पुसला, आटे बघितले. बोट फिरवलं. मग पलंगाशी आली.

"इथं दोन नट व्हते."

मी पेपर वाचत होतो.

"आटे शाबूत हायत. तुटला न्हाई. काढलाय."

"मला काय माहीत?"

"तुमच्या हाताला ग्रीस लागलं व्हतं त्या दिवशी. मीच पुसलं." आवाज चढला नाही. "मला वाटलं, तुमी माझं काम हातात घेऊन बघितलं. मला लय बरं वाटलं व्हतं."

आई दारात होती. सगळं ऐकलं तिनं.

मी पान उलटलं.

१५ जुलै

सकाळी पलंग मागच्या खोलीत हलवला. धान्याची पोती ठेवतो ती. खिडकी नाही. ओरडलो, शिव्या दिल्या, कागद फाडले. पल्लवीनं डोक्याकडची बाजू उचलली होती.

पायाकडची आईनं.