वेळ उरल्यास मारवा

मी, सिद्धलिंगप्पा गुरुसिद्धप्पा करजगी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार पूर्व मंगळवार पेठ, सोलापूर, पूर्वीचा धंदा कापडाचे दुकान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी आज सकाळी करून घेतली. हृदयाबद्दल मात्र त्यांनी तशी खात्री दिली नाही. दिवाळीचे विचारले तर म्हणाले, विचारू नका. माझ्यावर कोणाचा दाब नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुकान आणि बँकेतली ठेव माझा मुलगा संगप्पा याला. त्याला सूर कळत नाही, म्हणूनच आमचे कधी वाजले नाही.

कलम २. राहते घरही संगप्पाचे. पण मागच्या दोन खोल्या माझी धाकटी बहीण दाक्षायणी हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहतील. मैंदर्गीच्या सासरहून ती दुसऱ्याच वर्षी परत आली. त्याला बेचाळीस वर्षे झाली. तेव्हापासून माझ्या ताटात भाकरी तीच वाढते. तिला या घरात कोणी 'जरा सरका' असेही म्हणू नये.

कलम ३. रस्त्याकडची तालमीची खोली, तीन व्हायोलिने, पेटी, जलतरंगाची भांडी आणि दोन सतरंज्या ही माझी मालमत्ता नादसंगम वाद्यवृंदाला द्यावी, पण कलम ५ मधली अट पुरी झाल्यावरच. त्यातले माझे स्वतःचे व्हायोलिन मात्र सध्याचे चिटणीस रावजी यांच्या हाती पडू नये. ते गज करवतीसारखा ओढतात.

कलम ४. अट समजावी म्हणून थोडे मागचे लिहितो. हा वाद्यवृंद मी १९५१ साली काढला आणि गेल्या वर्षापर्यंत मीच त्याचा चिटणीस होतो. आम्ही नऊजण. वर्षाचा मुख्य कार्यक्रम जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात, संध्याकाळी सहाला. आधी यमन, मग दुर्गा, मग चहा, मग पिलूची धून, शेवटी भैरवी. बावीस वर्षे हेच. सगळ्यांनी मिळून एकच ओळ वाजवायची, हाही शिरस्ता. पेठेतले लोक पिलू कधी येणार हे चहाच्या वासावरून ओळखत. यात बदल करा असे कोणी म्हटले तर मी म्हणे, लोकांना नवे पचत नाही.

दाक्षायणी आमच्यात दिलरुबा वाजवी. तिला कोणी शिकवले नव्हते. गुरुजी मला शिकवायला येत, तेव्हा ती दाराआड ज्वारी निवडत बसे. पहिल्याच वर्षी तिने मारव्यात एक रचना बांधली. तालमीत आम्ही ती एकदाच वाजवली. त्यात क्लॅरिनेट एक बोलते, व्हायोलिन त्याला आडवे जाते, दिलरुबा दोघांचे ऐकून तिसरेच काही सांगतो, आणि शेवटी कोणीच घरी पोचत नाही. वाजवून झाल्यावर आमचे तबलजी मल्लप्पा तबल्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी वीस वर्षे शिकलो होतो. असे काही माझ्याकडून या जन्मी होणार नाही, हे मला त्या खोलीत कळले. मला तिचा हेवा वाटला. दुसरे काही कारण नव्हते.

मी नाही म्हणालो नाही. कार्यक्रमपत्रिकेत पिलूच्या खाली छापून घेतले, 'वेळ उरल्यास: मारवा'. मारवा दिवस मावळतानाचा, यमनाच्याही आधीचा. तो शेवटी ढकलला की मेलाच, हे मला ठाऊक होते. तरी धोका नको म्हणून पहिल्या रांगेतल्या कोणा ओळखीच्याला मी आधीच सांगून ठेवी. पिलू संपली की तो ओरडे, "भैरवी होऊ द्या!" आणि भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात, त्यानंतर कोणी वाद्याला हात लावत नाही. दाक्षायणी दिलरुब्याला गवसणी घालताना दरवर्षी म्हणे, "ऱ्हाऊ दे, फुडच्या साली." नवा वादक आला की त्याच्यासाठी ती पुन्हा सगळे लिहून काढी. असे बावीस वेळा झाले. आता तिची बोटे वाकडी झाली आहेत.

गेल्या महिन्यात मी रावजींना म्हणालो, येत्या जानेवारीत मारवा घ्या. ते म्हणाले, "काका, लोकास्नी नवं पचत न्हाय. तुमीच शिकवलंय की आमास्नी." मी हात जोडले. तेव्हा म्हणाले, "बगू. वेळ उरला तर घिऊ."

कलम ५. म्हणून अट अशी. येत्या जानेवारीच्या कार्यक्रमात सहाच्या ठोक्याला, यमनाच्या आधी, भरल्या सभागृहात मारवा पुरा वाजवावा. रचना दाक्षायणी गुरुसिद्धप्पा करजगी यांची आहे हे मोठ्याने सांगावे. त्या दिवशी भैरवी वाजवू नये, कोणी मागितली तरी. पुरा वाजला की नाही, हे मल्लप्पांनी ठरवावे. अट मोडल्यास खोली संगप्पाकडे ठेवावी आणि वाद्ये मुलींच्या शाळेला द्यावीत.

कलम ६. हे कायद्याला धरून नाही, पण लिहून ठेवतो. आज दुपारी मी दाक्षायणीला सगळे सांगितले. ती माझ्यासाठी काढा गाळत होती. म्हणाली, "मला ठाव हुतं की, अण्णा. तिसऱ्या सालापासनं."

मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हनून."

मी माफी मागितली. तिने काढा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आदी वाजू दे. मी ऐकते. मग काय ते बोलू."

डॉक्टर काय म्हणाले, ते तिने दाराशी उभे राहून ऐकले होते. मी म्हणालो, बरं.

वरील मजकूर वाचून, समजून, खोडाखोड न करता सही करतो.

स्थळ: सोलापूर
तारीख: ९ ऑक्टोबर १९७४

सही: सि. गु. करजगी

आमच्या समक्ष सही केली:
१. मल्लप्पा सिदू कोरे, निवृत्त तबलावादक
२. डॉ. नीलकंठ रेवणसिद्ध म्हमाणे