लिया शेताची माणसं

प्रिय आयलिफ,

शनिवारी शेतावर आपल्या लिया कुटुंबाच्या मेळाव्याची बैठक झाली आणि असं रण माजलं की तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. वाद एकच: आपल्या मेळाव्याला ‘लिया’ म्हणून कुणाकुणाला बोलवायचं?

सुरुवात आदल्या आठवड्यातच, गमतीची झाली. चुलतभाऊ गुडब्रांडनं संगणकावर दोन तक्ते घेतले. एकात चर्चमधल्या जुन्या जन्मनोंदी, दुसऱ्यात आजची नावं-पत्ते. दोन्हीकडे नावात कुठेही ‘लिया’ दिसलं की त्या ओळी जोड, असा हुकूम त्यानं सोडला. यंत्र बिचारं आज्ञाधारक! त्यानं खोऱ्यातल्या सगळ्या एमिलिया जोडल्या, अमालिया जोडल्या, दातांची डॉक्टर युलिया तर आपली आत्याच ठरली. सिन्नोवाकाकू म्हणाली, “येऊ देत की! पण सायीची खीर त्यांनाच ढवळायला लावा, माझे हात दुखतात.”

गुडब्रांडला हसू आवडत नाही. त्यानं अट आवळली: आडनाव तंतोतंत लिया हवं आणि बापाचा जन्मही याच शेतावरचा हवा. यादी अगदी सुबक झाली, आणि तिच्यातून तू गळलास. तुझा जन्म बर्गनचा, नोंद दुसऱ्याच आडनावाखाली. आईनं तुला सांभाळायला घरी आणलं तेव्हा तू पाच वर्षांचा होतास.

शनिवारी बैठकीत मी उठले. मी उठले की काय होतं ते तुला ठाऊक आहे. काकूनं खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, “गुडब्रांड, तुझी चाळणी भिंतीवरच्या त्या पणजोबाला लावून बघ! शेजारच्या खोऱ्यातून आला, शेत विकत घेतलं आणि इथल्या रिवाजाप्रमाणे शेताचंच नाव आडनाव म्हणून लावलं. आधीच्या लियांच्या रक्ताचा थेंब तुझ्यात नाही अन् माझ्यातही नाही. या मातीनं ज्याला राबवून घेतलं, त्याला तिनं आपलं नाव दिलं. त्यात रक्त तपासणारे आपण कोण?”

“अगं, पण काहीतरी नियम हवाच ना, राग्ना!” गुडब्रांड कुरकुरला. काकू म्हणाली, “हवाच. माझा नियम लिही: ज्यानं या गोठ्यातलं शेण काढलं, तो लिया.” सगळे खो खो हसले, आणि हात वर करून तोच नियम पास झाला. गुडब्रांडचाही हात वर गेला. जरा उशिरा, पण गेला.

तरी आमंत्रणं त्या आवळलेल्या यादीवरून बैठकीआधीच टपालात पडली होती, आणि त्यात तुझं नव्हतं. परवा फोनवर तू हसत म्हणालास, “त्या रविवारी मला बोटीचं इंजिन उघडायचंय.” ते हसणं मी ओळखते, आयलिफ. लहानपणी वाढदिवसाला केक कापताना तू दाराशी उभा राहून असंच हसायचास. म्हणून हे लिहिते आहे, आणि हे आमंत्रण समजू नकोस. आमंत्रणं पाहुण्यांना, ते रविवारी येतील. तू शुक्रवारीच ये. तंबू ठोकायचाय, बाकं माळ्यावरून उतरवायचीत, आणि गुडब्रांडला एकट्याला काही ते जमणार नाही.

तुझीच,
राग्ना